शाळवाच्या कोपऱ्यातली दोघं

आदेशनं पहिला प्रश्न मला विचारलाच नव्हता. गेणभाऊंना विचारला होता. तेही खऱ्या गेणभाऊंना नाही, मी केलेल्या.

"काका, ती बुजगावणी कुठं आहेत हो? लई ऐकलंय त्यांच्याबद्दल."

जानेवारीतली सकाळ होती, नऊ-साडेनऊची. शाळवावरचं दंव अजून उडालं नव्हतं. मी बांधापासून चार ओळी आत, चिमाबाईच्या कमरेला सुतळी आवळत वाकले होते, म्हणून मी त्याला दिसत नव्हते. मला मात्र तो ताटांमधून अख्खा दिसत होता... मोटरसायकल रस्त्याकडेला लावलेली, हेल्मेट काखेत, अंगात निळं जाकीट, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना माणूस तोंडावर आणतो तो आदर. समोर गेणभाऊ कमरेवर हात ठेवून उभे. बांबूचे, कडब्याचे, स्वतःच्याच जुन्या धोतरातले.

उत्तर येईना तसा तो एक पाऊल पुढे झाला. "काका... ऐकू येतंय ना?"

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी आवाज जाड केला. "कुणाचा रं तू?"

"मी आदेश. पारगावचा. कारखान्याजवळ घर आहे आमचं."

"मग तिकडंच हुडीक बुजगावणी. हितं समदी माणसंच हायेत."

"बरं... माफ करा," म्हणून तो वळला, आणि वळता वळता त्याला गेणभाऊंच्या गळ्यातून बाहेर आलेला कडबा दिसला. मी वाट बघत राहिले. असं फसल्यावर माणसं आधी चिडतात, मग इकडेतिकडे बघतात, मग मोबाईल काढतात. ह्यानं गेणभाऊंना नीट हात जोडले.

"येतो काका. आत जे कुणी बोलतंय, त्यांना सांगा, आवाज काय जमला नाही."

मला तो तिथंच आवडला. खोटं कशाला बोलू?

आता बुजगावण्यांचं सांगते. आमचं शेत पिंपळवंडीत, अगदी रस्त्याला लागून. शाळू दाण्यात आला की राघू, चिमण्या, साळुंक्या थव्यानं उतरतात. बुजगावणं सगळेच लावतात. पण एका जागी उभं असलेलं बुजगावणं पाखरांना तीन दिवसांत कळतं. चौथ्या दिवशी त्याच्याच खांद्यावर बसून दाणे टिपतात. म्हणून दर तिसऱ्या दिवशी सगळ्यांना हलवायचं, हा आमचा नेम. आणि हलवायचंच आहे तर नुसतं सरकवायचं कशाला? मी एकदा त्यांची एसटीची रांग लावली, एकदा ग्रामसभा भरवली, एकदा वरात काढली. रस्त्यावरच्या गाड्या थांबायला लागल्या.

नाक-डोळे मी काढत नाही. माणूस उभा कसा राहतो, तेवढं पकडायचं. गेणभाऊ उभे राहतात ते कुणीतरी बांध कोरलाय अशा तयारीत. चिमाबाई एका पायावर भार देऊन, मान तिरपी करून, दुसऱ्यांचं बोलणं ऐकत. कपडे ज्याचे त्यानं द्यायचे. सुरुवातीला गावात लोक हसले, आता "आमचं का नाय केलं?" म्हणून रुसतात. गेणभाऊंच्या जवळपास मात्र एक पाखरू फिरकत नाही. खऱ्याच्याही जवळ कुणी फारसं फिरकत नाही.

तर आदेश एका पुण्याच्या संस्थेसाठी काम करत होता. जुन्नर आणि आंबेगावातल्या अजब ठिकाणांचा नकाशा छापायचा होता त्यांना. वीस ठिकाणं. एकोणीस झाली होती, विसावे आम्ही. त्यानं फोटो काढले आणि एक कागद पुढे केला. जागामालकाची संमती, खाली सही.

"शेत आप्पांच्या नावावर आहे. पण बुजगावणी माझी," मी म्हटलं. "सही मी करणार."

"मग करा की, मॅडम."

"बाकीची एकोणीस कोण आहेत? माझ्या माणसांना कुणाच्या पंगतीत बसवताय, ते आधी कळू दे."

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक होत होते आणि तो ते लपवायला हेल्मेटशी चाळा करत होता. "फोटो बुधवारी आणले तर चालतील?"

"बुधवारी मी इथंच आहे. गुरुवारीपण," मी म्हटलं, आणि उगाच सुतळीचा गुंडा उलगडून परत गुंडाळायला लागले.

बुधवारी तो आला. बांधावर बसून त्यानं एकेक फोटो दाखवला. नाणेघाटातला दगडी रांजण, ज्यात एकेकाळी जकात टाकत म्हणे. वाऱ्यानं उलटा वर उडणारा धबधबा. कुकडीच्या काठची राख, हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या कुठल्याशा ज्वालामुखीतून उडालेली, बोरीजवळ येऊन थांबलेली. मी जन्मापासून इथली, आणि ह्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. तो सांगत होता तेव्हा त्याचं त्या ठिकाणांवर मनापासून प्रेम आहे हे कळत होतं. नोकरी म्हणून बोलणारा माणूस वेगळा दिसतो.

"फोटोवरनं काय कळतंय?" मी म्हटलं. "प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सही नाय."

"सगळी एकोणीस?"

"दोन-तीन चालतील. मी काय एवढी कडक नाही."

"नाही कसं... आहात की," तो म्हणाला. मी रागानं बघितलं, निदान तसा प्रयत्न केला.

उठताना त्याचं जाकीट आमच्या काटेरी तारेत अडकलं आणि बाहीपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटलं. तो म्हणाला, जाऊ दे, जुनंच होतं. मी म्हटलं, टाकू नका, द्या इकडं. थंडी चांगली होती, तरी त्यानं ते तिथल्या तिथं काढून दिलं आणि पारगावपर्यंत नुसत्या शर्टावर गेला. ते जाकीट मी दोन दिवस नुसतंच खुंटीला टांगून ठेवलं होतं.

आई गेल्यापासून माझी आत्या, प्रयागबाई, आमच्याकडेच असते. एकटीला परक्या पोराबरोबर पाठवणं तिला शक्य नव्हतं, आणि मला जायला नको म्हणणंही शक्य नव्हतं. "मीबी येते," ती म्हणाली. "आळ्याला रेड्याच्या समाधीला लई दिस जायचं व्हतं." मग पुढे त्याची मोटरसायकल, मागे माझी स्कूटी आणि तिच्यावर आत्या. वेद बोललेल्या रेड्याच्या समाधीपुढं आत्यानं डोळे मिटले ते दहा मिनिटं उघडलेच नाहीत. ती दहा मिनिटं तिनं मुद्दाम दिली होती, असा मला आजही संशय आहे.

"तुमचं स्वतःचं बुजगावणं का नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"माणसाला स्वतःचं उभं राहणं दिसत नाही."

"मी सांगू?" तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तुम्ही उजवा खांदा पुढं करून उभ्या राहता. भांडायला निघाल्यासारख्या. आणि डाव्या हातानं ओढणीचं टोक धरलेलं असतं... म्हणजे भांडण झालंच तर निसटायचीही सोय."

मी चटकन ओढणी सोडली. मग त्या हाताचं काय करावं ते मला घरी येईपर्यंत सुचलं नाही.

परतताना खोडदच्या रस्त्याला थांबलो. तिथल्या त्या प्रचंड जाळीदार थाळ्या शेतांच्या वर डोकं काढून उभ्या होत्या. आमच्या समोर त्या सगळ्या एकदमच हळूहळू एका दिशेला कलल्या. आत्यानं पदर सावरला.

"काय ऐकत्यात ह्या?"

"लांबचे तारे, आत्या. त्यांच्याकडनं लहरी येतात. इतक्या बारीक, की माणसाला कळतपण नाहीत. ह्यांना कळतात."

मी बघत राहिले. लोखंडाचं एवढं मोठं धूड, आणि उभं किती नम्रपणानं राहिलंय. मी आयुष्यभर माणसांचं उभं राहणं बघत आले, पण असं मी पाहिलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. मी मान वळवली तेव्हा आदेश थाळ्यांकडे बघतच नव्हता.

त्या आठवड्यात मी दोन नवी बुजगावणी केली. एक निळ्या जाकिटातलं, फाटलेली बाजू टाके घालून शिवलेली. त्याचं उभं राहणं मला पाठ होतं. निघतो म्हणून वळलेला, आणि मान मात्र मागं. दुसरं माझ्या जुन्या पोपटी ड्रेसमधलं, उजवा खांदा पुढं, डाव्या हातात ओढणी. जागा शोधत होते, तर विहिरीकडच्या कोपऱ्यात, जिथं रस्त्यावरून पटकन कुणाला दिसत नाही, तिथं दोघं समोरासमोर बसली. म्हणजे उभी राहिली.

आणि नेमका त्याच संध्याकाळी आप्पांनी विषय काढला. माझे वडील, सावळाराम, कमी बोलतात. पण बोलले की ते ठरलेलं असतं.

"पुढच्या रविवारी पाव्हणं येत्यात, अक्षदा. मुलगा चाकणला कंपनीत हाये. मानसं चांगली हायेत. फोटो पसंत पडलाय त्यांना." मग जरा थांबून, "तेवढं बुजगावण्याचं बंद कराया सांगितलंय. रविवारच्या आत काढून टाक. रस्त्यावरनं येताना दिसाया नकोत."

आधी दोन ठिकाणं ह्याच्यावरूनच मोडली होती. "पोरगी शेतात बाहुल्या मांडून बसती," असं बोलून गेले होते ते लोक, आणि आप्पांना ते फार लागलं होतं. म्हणून मी तेव्हा हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आदेश आला तेव्हा मीच पुढे होऊन हात केला. "द्या तो कागद. सही करते."

"अजून नाणेघाट बाकी आहे."

"राहू दे. रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत. त्याआधी ही सगळी निघणार." मी हे अगदी सहज म्हणणार होते. जमलं नाही.

त्याच्या हातात पेन होतं. त्यानं त्याचं टोपण काढलं, परत लावलं. "मग सही कशाला?" तो म्हणाला. "नकाशा बघून लोक यायचे, आणि इथं काहीच नसायचं..." पुढचं वाक्य त्याच्या तोंडाशी आलेलं मला दिसत होतं. मी वाट बघितली. खरंच वाट बघितली. पण त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, "अभिनंदन" म्हणाला आणि गेला. मी इतकी चिडले होते की त्या दिवशीची सगळी ग्रामसभा मी उलट्या तोंडाची लावली.

मग आठ दिवस तो आला नाही. फोन नाही, मेसेज नाही. मीही केला नाही. मी का करायचा? सकाळी उठून मी बाकीच्यांना हलवत होते. गेणभाऊ उत्तरेला, चिमाबाई पाटाकडे. विहिरीकडच्या कोपऱ्यात रोज जायचे, निळ्या जाकिटाच्या कमरेचा बांबू धरायचे... आणि सोडून द्यायचे. तिला हलवलं तर तो कुणाकडे वळून बघणार? त्याला हलवलं तर ती कुणाशी भांडणार? उद्या हलवू, म्हणायचे. रविवारी तर काढायचीच आहेत, म्हणायचे. सोमवारी नाही झालं, गुरुवारी नाही झालं.

शनिवारी सकाळी आप्पा शेतातून आले ते हातात पाच-सहा कणसं घेऊन. त्यांनी ती ओट्यावर माझ्यासमोर ठेवली. कणसं कसली, नुसत्या काड्या उरल्या होत्या. दाणा एक नव्हता.

"हिरीकडचा कोपरा," ते म्हणाले. "साफ खाल्लाय. पाखरं त्या दोगांच्या डोक्यावर बसल्यात. किती दिस हलवलं न्हाईस त्यांना?"

"नऊ."

"इसारलीस?"

आत्या दारात पीठ चाळत होती. तिची चाळण थांबली. इसरले असं म्हटलं असतं तर भागलं असतं. आप्पांनी मानलंही असतं, कारण त्यांना तेच ऐकायचं होतं. मी त्या रिकाम्या कणसांकडे बघत राहिले. लहानपणापासून मी ह्या माणसाला एकेका कणसासाठी उन्हात उभं राहिलेलं पाहिलंय. त्यांच्याशी खोटं बोलायला तोंड उघडेना.

"इसरले नाही, आप्पा. हात होईना. मला त्या मुलाला हलवायचंच नव्हतं. मला तो आवडतो."

ओट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आत्या म्हणाली, "दादा, मला खोडदलाच दिसलं व्हतं."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तिनं सांगाया पायजे व्हतं. मी कशाला सांगू?"

आप्पा उठले आणि परत शेताकडे गेले. मी मागोमाग गेले, काय बोलणार ते न ठरवताच. आणि बांधापाशी येऊन दोघंही थांबलो. रस्त्याकडेला मोटरसायकल उभी होती, आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात, त्या दोघांच्या समोर, आदेश उभा होता. आमची चाहूल लागली तसा तो वळला. कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत.

"मी बोलायला आलो होतो," तो आप्पांना म्हणाला. "येताना काय काय पाठ केलं होतं. पण इथं आलो, आणि हे बघितलं." त्यानं निळ्या जाकिटाचा खांदा दाखवला. चिमण्यांनी तो पार पांढरा करून ठेवला होता. "हिनंच मला सांगितलं होतं, तीन दिवसांच्या वर कुणाला एका जागी ठेवायचं नाही. हे आठ-दहा दिवसांचं दिसतंय."

"नऊ," आप्पा म्हणाले.

आदेशनं माझ्याकडे बघितलं. मी ओढणी धरली होती, पण आता ती सोडली नाही.

"त्या दिवशी मी तसाच गेलो," तो म्हणाला. ह्या वेळी तो माझ्याशी बोलत होता, आप्पा समोर असूनही. "मला वाटलं, तुम्हाला ते स्थळ पसंत आहे. मी कोण मध्ये बोलणारा? आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. आईनं विचारलं, तर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगतोस, तिला सांग." मग त्यानं आप्पांकडे तोंड केलं. "मी आई-वडिलांना घेऊन येऊ का? रविवारच्या आधी."

"रविवार उद्या हाये, पावणं."

"मग आज आणतो."

आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बैल बाजारात बघतात तसं, अगदी सावकाश. मला त्या वेळी श्वास घ्यायचंही भान नव्हतं. "पाचाच्या आत या," ते शेवटी म्हणाले. "दिवस मावळल्यावर शेत दिसत न्हाई. त्यांनी ते बघितल्याबिगर मी पुढचं बोलणार न्हाई."

तो गेल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच त्या पाहुण्यांना लावला. "राम राम. माफी मागाया फोन केला. उद्या येऊ नका. पोरीचं मन दुसरीकडं हाये... न्हाई, मला आत्ताच कळलं. शेतात गेलो तवा." पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. आप्पा कान लाल होईपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "व्हय, माझीच चूक. राम राम." फोन ठेवून ते माझ्याशी काही बोलले नाहीत. पाटाचं पाणी वळवायला निघून गेले. मी मात्र तिथंच बसून पोटभर रडून घेतलं.

चारलाच शेजाऱ्याची गाडी घेऊन ते आले. आदेशचे वडील कारखान्यात कामाला होते, शांत माणूस. आई ठेंगणी, काळ्या काठाची साडी, हातात घाईघाईनं घेतलेल्या पेढ्यांचा पुडा. घरात न येता ती आधी बांधावर गेली. एकेका बुजगावण्यापुढं थांबत, सगळं शेत हिंडली. विहिरीच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त वेळ थांबली.

आप्पा तिच्या मागे उभे. हात जोडलेले नव्हते, पण आवाज तसाच होता. "बाई, आधीच सांगतो. माझी पोरगी हे करती. तिच्यावाचून दोन ठिकाणं मोडली, तिसरं आज मी मोडलं. हे बंद व्हनार न्हाई. पटत आसंल तर चहा घिऊ."

ती लगेच बोलली नाही. तेवढा वेळ माझ्या पोटात गोळा होता. तिनं निळ्या जाकिटाच्या पाठीवरचे टाके बोटानं चाचपून पाहिले.

"आमच्याकडं समदा ऊस," ती म्हणाली. "उसाला काय बुजगावणं लागत न्हाई." मग माझ्याकडे वळली. "पण घरामागं अर्धा एकर मका आसतो, बाई. राघू लई तरास देत्यात. मला एकटीला न्हाई व्हत."

आप्पांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि आत्याला चहा टाकायला हाक मारली. सगळे घराकडे निघाले. आदेश मुद्दाम मागे राहिला, मीही राहिले. सूर्य कलला होता आणि शाळवाच्या खाल्लेल्या कोपऱ्यात चिमण्या परत उतरत होत्या. आम्ही दोघंही त्यांना हाकललं नाही.

"आईकडं एवढं काय बघत होतीस?" त्यानं विचारलं.

"कशी उभी राहते ते."

"मग?"

"मला आवडली," मी म्हटलं. "आणि तू तर केव्हाचाच आवडतोस, आदेश. तुला उगीच आठ दिवस लागले."

त्यानं माझ्या डाव्या हातातलं ओढणीचं टोक अलगद सोडवलं आणि तो हात आपल्या हातात घेतला. घरातून आत्यानं चहाला हाक मारली. आम्ही "आलो" म्हटलं आणि थोडा वेळ तिथंच उभे राहिलो.